२७ डॉलरची वर्गणी आणि ९ ऑक्टोबरची मुदत: बर्नी सँडर्स यांच्या २०१६च्या मोहिमेचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी बर्नी सँडर्स यांनी जी मोहीम चालवली, तिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. पक्षश्रेष्ठींनी त्यांना पाडलं, हे एक. ते कधी जिंकणारच नव्हते, हे दुसरं. दोन्ही मतांत मोहिमेनं स्वतः घेतलेले निर्णय बाजूला पडतात, म्हणून इथे भर त्यांच्यावर आहे. ज्यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत तेवढीच घेतली आहेत. स्वयंसेवक आणि कार्यकर्ते अनामिकच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

३० एप्रिल २०१५ ला वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलबाहेरच्या हिरवळीवर सँडर्स यांनी उमेदवारी जाहीर केली. फार वेळ नाही, परत आत जायचंय, असं पत्रकारांना सांगून त्यांनी दहाएक मिनिटांत कार्यक्रम उरकला. मागे मंच नव्हता, बँड नव्हता, फुगेही नव्हते. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. व्हरमाँटसारख्या छोट्या राज्याचे सिनेटर. कागदोपत्री कुठल्याच पक्षाचे नाहीत, अपक्ष. फक्त सभागृहात डेमोक्रॅट्सच्या बाजूनं बसणारे.

त्यांची राजकीय घडण समजायला एक आकडा पुरतो. १९८१मध्ये बर्लिंग्टनच्या महापौरपदाची निवडणूक ते १० मतांनी जिंकले. दहा मतांनी जिंकलेला माणूस दारोदार फिरण्याचं महत्त्व कधी विसरत नाही. पुढे १९९१ पासून प्रतिनिधिगृह आणि २००७ पासून सिनेट. एवढी वर्षं भाषण जवळपास तेच: संपत्ती मूठभरांच्या हातात गेली आहे आणि राजकारण त्यांनी विकत घेतलं आहे. डिसेंबर २०१० मध्ये श्रीमंतांच्या करसवलती पुढे चालू ठेवण्याच्या विरोधात ते सिनेटमध्ये सलग साडेआठ तास बोलले. त्यामुळे देशभरच्या डाव्या विचारांच्या लोकांना त्यांचं नाव ठाऊक झालं. बाकीच्यांना मात्र नाही. २०१५च्या मे महिन्यात मतचाचण्यांत त्यांना दहा टक्क्यांच्या आसपास, काहींत त्याहून कमी मतं होती. समोर हिलरी क्लिंटन: माजी परराष्ट्रमंत्री, माजी सिनेटर, आणि पक्षातली जवळजवळ सगळी वजनदार माणसं त्यांच्यामागे.

मागण्या काय होत्या

सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांसाठी असलेली मेडिकेअर योजना सर्व वयाच्या लोकांना लागू करणं. सरकारी महाविद्यालयांत मोफत शिक्षण आणि त्याचा खर्च शेअर बाजारातल्या सट्टेबाजीवर कर लावून काढणं. मोठ्या बँकांचे तुकडे. टीपीपी या प्रशांत महासागरी व्यापार कराराला विरोध. पाच वर्षांत रस्ते-पूल-रेल्वेवर १ लाख कोटी डॉलर. आणि देशभर ताशी १५ डॉलर किमान वेतन, कारण केंद्राचा दर २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकून पडला होता.

यातली १५ डॉलरची मागणी सँडर्स यांची स्वतःची नव्हे. ती फास्ट फूडच्या दुकानांतल्या कामगारांच्या संपांतून आली आणि जून २०१४ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेनं ती मंजूरही केली. त्या लढ्यात पुढे होत्या नगरसेविका क्षमा सावंत, पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. पुढे त्यांनी सँडर्स यांच्या बाजूनं कामही केलं आणि सँडर्स यांनी पक्षाबाहेर पडून लढावं असा आग्रहही धरला. तो वाद खाली येतोच.

अडचण

वरवर पाहता अडचण पैशाची वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर ‘सुपर पॅक’ नावाच्या समित्यांना अमर्याद देणग्या घेऊन प्रचारावर उधळता येऊ लागल्या. ज्या उमेदवाराचा मुद्दाच ‘अब्जाधीशांनी निवडणुका विकत घेतल्यात’ हा आहे, तो अब्जाधीशांकडे हात कसा पसरणार?

प्रत्यक्षात पैशाचा प्रश्न सर्वांत आधी सुटला. न सुटलेली अडचण होती कॅलेंडरची. अमेरिकेत पक्षाचं तिकीट श्रेष्ठी वाटत नाहीत, ते राज्याराज्यांतल्या मतदारांकडून मिळवावं लागतं. काही राज्यांत प्रायमरी, म्हणजे गुप्त मतदान. काहींत कॉकस, म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जमून उघड गट करून उभं राहायचं आणि डोकी मोजायची. प्रत्येक राज्याची तारीख वेगळी, नोंदणीची मुदत वेगळी. पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात मिळतात, पण १५ टक्क्यांच्या खाली गेलं की भोपळा. याशिवाय सातशेहून जास्त ‘सुपरडेलिगेट’: खासदार, राज्यपाल, पक्षाचे पदाधिकारी. प्रतिनिधी म्हणून त्यांना प्रायमरीच्या मतदारांनी निवडून दिलेलं नसे, पण अधिवेशनात मत मात्र असे. नोव्हेंबर २०१५ मध्ये, कुठल्याही राज्यात एकही मत पडण्याआधी, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं त्यांची मोजदाद केली. क्लिंटन ३५९, सँडर्स ८.

समोरचे पर्याय

पहिला पेच: पक्षात शिरून लढायचं की अपक्ष? अपक्ष लढण्यात वैचारिक शुद्धता होती आणि डाव्या गटांचा आग्रहही होता. पण २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले, आणि तिथे ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांनी ९० हजारांहून जास्त मतं घेतली होती. ‘मतं खाणारा’ हा शिक्का बसला की माणूस संपतो. शिवाय पन्नास राज्यांत मतपत्रिकेवर नाव आणायचे सोपस्कार वेगळे, आणि अध्यक्षीय वादसभेत उभं राहायला मतचाचण्यांत १५ टक्क्यांची अट. सँडर्स यांनी पक्षात शिरायचं ठरवलं. माझ्या मते हा निर्णय बरोबरच होता. मात्र त्याची किंमत अशी की मतदारयादीपासून वादसभांच्या तारखांपर्यंत सगळ्या किल्ल्या पक्षाच्या हातात गेल्या.

दुसरा पेच पैशाचा. सुपर पॅक नको, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि स्वतःची अशी समिती काढली नाही. (परिचारिकांच्या राष्ट्रीय युनियनच्या अशाच एका समितीनं त्यांच्यासाठी खर्च केला आणि विरोधकांनी त्यावर बोट ठेवलं. पैसा परिचारिकांच्या वर्गणीचा होता, तरी बोट ठेवायला जागा होती हे खरं.)

तिसरा पेच सर्वांत कमी चर्चिला गेला: पैसा आणि माणसं कुठे लावायची? एक मार्ग म्हणजे आयोवा आणि न्यू हॅम्पशर या पहिल्या दोन राज्यांत सगळं ओतायचं, तिथे धक्का द्यायचा, मग लाट आपोआप पुढे सरकेल. दुसरा, दक्षिणेतल्या राज्यांत लवकर जायचं, जिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीय मतदार निर्णायक असतात आणि सँडर्स यांना कुणी ओळखत नव्हतं. मोहिमेनं पहिला मार्ग धरला. अननुभवी मोहिमेला तो स्वाभाविक होता. पण लाट स्वतःहून दक्षिणेकडे वाहत गेली नाही.

काय केलं: पैसा

जाहीर केल्यापासून चोवीस तासांत सुमारे ३५ हजार लोकांनी १५ लाख डॉलर दिले. पैसे येत होते ॲक्टब्लू या संकेतस्थळावरून; एकदा कार्डाचा तपशील भरला की पुढच्या वेळी एका क्लिकवर वर्गणी. सरासरी वर्गणी २७ डॉलरच्या आसपास राहिली आणि तो आकडा सभांतला नाराच झाला. उमेदवारानं विचारायचं, ‘सरासरी देणगी किती?’ आणि हजारो लोकांनी एका सुरात उत्तर द्यायचं.

या आकड्यात एक हिशेब दडलेला आहे. त्या वर्षी एका व्यक्तीनं एका उमेदवाराला प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,७०० डॉलर द्यायचे, असा नियम होता. बड्या देणगीदारानं तेवढे एकदा दिले की त्याच्याकडे पुन्हा मागता येत नाही. २७ डॉलर देणाऱ्याकडे आणखी नव्व्याण्णव वेळा मागता येतं. जानेवारी २०१६ मध्ये सँडर्स यांनी सुमारे २ कोटी आणि फेब्रुवारीत ४ कोटींहून जास्त डॉलर जमवले. दोन्ही महिन्यांत क्लिंटन मागे होत्या. न्यू हॅम्पशर जिंकल्यावर सँडर्स यांनी विजयी भाषणात थेट टीव्हीवरून सांगितलं की मी आत्ता, इथेच निधी गोळा करणार आहे. चोवीस तासांत ५० लाख डॉलरहून जास्त आले. वर्गणीची पावतीपुस्तकं घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना यातली गंमत लगेच कळेल.

काय केलं: माणसं

२९ जुलै २०१५ च्या संध्याकाळी देशभरात साडेतीन हजारांच्या आसपास घरांत, कॅफेंत, युनियनच्या हॉलमध्ये मिळून एक लाखाहून अधिक लोक जमले आणि पडद्यावर उमेदवाराचं छोटं भाषण ऐकलं. प्रश्न होता, या लाख लोकांचं करायचं काय? पगारी संघटक मोजके, तेही पहिल्या राज्यांत गुंतलेले.

बेकी बाँड आणि झॅक एक्सली हे अनुभवी संघटक ज्या चमूत होते, त्यानं एक पद्धत बसवली. ती जरा जवळून बघण्यासारखी आहे. गावात एखादं वाचनालय किंवा चर्चचा हॉल घ्यायचा, ईमेलवरून लोकांना बोलवायचं. संघटक वीसेक मिनिटं बोलतो आणि मग ‘मदत कराल का?’ असं विचारतच नाही. तो विचारतो, ‘तुमच्यापैकी कोण आपल्या घरी फोन करायला लोकांना बोलवेल?’ हात वर होतात. त्या लोकांना पुढे यायला सांगतात. प्रत्येक जण आपला वार, वेळ आणि पत्ता कागदावर लिहितो आणि मोठ्यानं सांगतो: मंगळवारी संध्याकाळी सात, माझ्या स्वयंपाकघरात, येताना लॅपटॉप, मोबाइल आणि चार्जर घेऊन या. उरलेले लोक आपल्याला जमेल त्या यजमानापुढे रांग लावून नाव नोंदवतात. सभा संपते तेव्हा पुढच्या दोन आठवड्यांची फोनकेंद्रं ठरलेली असतात, आणि त्यातल्या एकाही ठिकाणी पगारी माणूस नसतो.

फोनची व्यवस्थाही तशीच. संगणक एकाच वेळी अनेक नंबर फिरवतो. न उचललेले, बंद असलेले गाळून ज्यानं ‘हॅलो’ म्हटलं तोच स्वयंसेवकाच्या कानात येतो. पडद्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं, खाली टिचक्या मारायला चौकोन: पाठिंबा, कुंपणावर, विरोधात. कॅलिफोर्नियातली निवृत्त शिक्षिका संध्याकाळी आयोवातल्या शेतकऱ्याशी बोलत असे. आयोजकांच्या मोजणीप्रमाणे स्वयंसेवकांनी साडेसात कोटींहून अधिक फोन केले. सभांना गर्दी लोटली. ऑगस्टमध्ये पोर्टलँडला मोहिमेच्या अंदाजानं २८ हजार.

पण फोनच्या यादीत कोण असतं? ज्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी आधीपासून माहिती आहे ते. आणि फोन करणारे कोण? ज्यांना ईमेल गेला ते. हे जाळं जिथे आधीच आपले लोक होते तिथे भराभर पसरलं. जिथे नव्हते तिथे त्याला धरायला काही नव्हतं.

निर्णयाचा क्षण: सिएटलचा मायक्रोफोन

८ ऑगस्ट २०१५. सिएटलच्या वेस्टलेक पार्कमध्ये सँडर्स बोलायला उभे राहिले आणि ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर या, कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या चळवळीच्या दोन कार्यकर्त्यांनी मायक्रोफोन ताब्यात घेतला. तीन आठवड्यांपूर्वी फीनिक्सच्या परिषदेतही असंच झालं होतं. गर्दीतले काही जण ओरडले, शिव्याशाप झाले. सँडर्स बाजूला उभे राहिले आणि शेवटी न बोलताच लोकांशी हस्तांदोलन करत निघून गेले.

पुढच्या एक-दोन दिवसांत मोहिमेनं वांशिक न्यायाचा सविस्तर कार्यक्रम जाहीर केला, आणि सिमोन सँडर्स या तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्तीला राष्ट्रीय माध्यम सचिव नेमलं. (आडनाव एकच, नातं नाही.) प्रतिसाद चांगला होता, पण तो प्रतिसादच होता. सँडर्स यांच्या मांडणीत आर्थिक विषमता हेच सगळ्या दुखण्यांचं मूळ होतं. पोलिसांच्या गोळीला बळी पडलेल्यांच्या घरच्यांना ते पुरेसं वाटलं नाही, यात नवल नाही. आणि कार्यक्रमाचा कागद तयार करणं दोन दिवसांचं काम असलं, तरी साउथ कॅरोलायनातल्या चर्चमध्ये रविवार-रविवार जाऊन ओळख करून घेणं दोन वर्षांचं. क्लिंटन कुटुंब ते पंचवीस वर्षं करत आलं होतं.

निर्णयाचा क्षण, जो कुणाला दिसलाच नाही

न्यूयॉर्कची प्रायमरी १९ एप्रिल २०१६ ला होती, आणि ती ‘बंद’: मतदारयादीत ज्याच्या नावापुढे डेमोक्रॅट लिहिलंय त्यालाच मत. आधीपासून यादीत असलेल्या मतदाराला पक्ष बदलायचा किंवा नव्यानं लिहायचा तर अर्ज ९ ऑक्टोबर २०१५ पर्यंत द्यायचा होता. सहा महिन्यांहून आधी. त्या तारखेचं विशेष असं की डेमोक्रॅटिक उमेदवारांची पहिली वादसभा लास वेगासला झाली १३ ऑक्टोबरला. म्हणजे न्यूयॉर्कच्या अपक्ष मतदारानं उमेदवारांना एका मंचावर बघण्याआधी चार दिवस आपला पक्ष ठरवून टाकायचा होता.

सँडर्स यांचा सगळा भरवसा अपक्ष आणि पहिल्यांदाच राजकारणात रस घेणाऱ्या लोकांवर. म्हणजे या नियमानं सर्वांत जास्त मार त्यांनाच बसणार होता, आणि नियम नवा नव्हता, लपवलेलाही नव्हता. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फोन, ईमेल आणि रस्त्यावरची टेबलं लावून ‘नऊ तारखेच्या आत अर्ज भरा’ हा एकच कार्यक्रम राबवता आला असता. काही स्थानिक स्वयंसेवकांनी आपल्या परीनं तो केलाही. राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष तेव्हा आयोवावर होतं.

एप्रिलमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरला २७ हजार, ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कला २८ हजार लोक आले. त्यातल्या कितीजणांना मत देता येणार नव्हतं, याचा हिशेब कुणाकडेच नाही. निकाल क्लिंटन ५८, सँडर्स ४२. त्या वेळी ब्रुकलिनच्या याद्यांतून लाखाहून अधिक नावं गळाल्याचंही उघड झालं आणि त्यावरून योग्य तो गदारोळ झाला. मुदतीची गोष्ट त्याहून जुनी होती. गंमत म्हणजे रिपब्लिकन बाजूला ट्रम्प यांची दोन मुलं, इव्हांका आणि एरिक, हीच मुदत चुकल्यामुळे वडिलांना मत देऊ शकली नाहीत.

डिसेंबर: यादीला कुलूप

डिसेंबर २०१५ मध्ये मतदारांच्या माहितीची यंत्रणा चालवणाऱ्या कंपनीच्या चुकीमुळे काही काळ एका मोहिमेची माहिती दुसरीला दिसू लागली. सँडर्स यांच्या काही कर्मचाऱ्यांनी क्लिंटन मोहिमेच्या याद्या उघडून पाहिल्या. पक्षानं सँडर्स मोहिमेचा यंत्रणेतला प्रवेशच बंद केला, म्हणजे स्वतः जमवलेली माहितीही दिसेना, आणि आयोवा सहा आठवड्यांवर.

इथे निर्णय झटपट आणि नीट झाले. माहिती विभागाच्या प्रमुखाला काढलं, त्याच वेळी पक्षावर दावा ठोकला, आणि प्रवेश परत मिळाल्यावर लगेचच्या वादसभेत सँडर्स यांनी क्लिंटन यांची जाहीर माफी मागितली. चूक कबूल करायची पण हक्क सोडायचा नाही, असा तो दुहेरी पवित्रा होता. सगळ्या मोहिमेत हे प्रकरण सर्वांत सफाईनं हाताळलं गेलं असं मला वाटतं.

८ मार्चची बेरीज-वजाबाकी

१ फेब्रुवारीला आयोवात क्लिंटन ४९.८, सँडर्स ४९.६. न्यू हॅम्पशरला सँडर्स २२ टक्क्यांनी पुढे. मग नेव्हाडात पाच टक्क्यांनी हार आणि २७ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात धूळधाण: ७३ विरुद्ध २६. कृष्णवर्णीय मतदारांत तर मतदानोत्तर चाचणीप्रमाणे ८६ विरुद्ध १४. त्या दिवशी उमेदवार राज्यात नव्हताच. टेक्सस आणि मिनेसोटात सभा घेत होता. हरणारी जागा सोडून पुढच्या जागेवर जाणं यात तर्क होता. स्थानिक कार्यकर्त्यांना त्यातून काय कळलं असेल ते वेगळं सांगायला नको.

१ मार्चला सँडर्स यांनी चार राज्यं जिंकली. पण टेक्सस, जॉर्जिया आणि अलाबामा या तीन राज्यांतच क्लिंटन यांनी दीडशेच्या आसपास प्रतिनिधींची आघाडी घेतली. शेवटी दोघांतलं अंतर ३५९ होतं, त्यातला मोठा वाटा त्या एका रात्रीत पडला.

८ मार्चची रात्र तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी. मिशिगनमध्ये मतचाचण्या क्लिंटन यांना वीसेक टक्क्यांनी पुढे दाखवत होत्या, आणि सँडर्स जिंकले. टीव्हीवर रात्रभर तीच बातमी. प्रतिनिधी मिळाले ६७ विरुद्ध ६३, नफा चारचा. त्याच दिवशी मिसिसिपीत, जिथे कुणी कॅमेरा नेला नव्हता, क्लिंटन यांना ३१ आणि सँडर्स यांना ५. तोटा सव्वीसचा. वर्षातला सर्वांत मोठा चमत्कार घडला त्या रात्री मोहीम बावीस प्रतिनिधींनी आणखी मागे गेली. प्रमाणात वाटणी असते तिथे थोडक्यात जिंकण्यापेक्षा थोडक्यात हरणं शिकावं लागतं. मिसिसिपीत १७ ऐवजी ३० टक्के मिळाले असते तर त्याची बातमी झाली नसती, पण मिशिगनच्या विजयापेक्षा त्यातून जास्त पदरात पडलं असतं.

थांबायचं कधी

१५ मार्चला फ्लोरिडा, ओहायो, इलिनॉय, मिझुरी आणि नॉर्थ कॅरोलायना, पाचही गेल्यावर गणित जवळपास मिटलं होतं. पर्याय तीन: थांबणं, मुद्द्यांसाठी शेवटपर्यंत चालणं, किंवा सुपरडेलिगेटना आपल्याकडे वळवणं. मोहिमेनं दुसरा आणि तिसरा एकत्र केले, आणि इथे ती घसरली. ज्या सुपरडेलिगेटना लोकशाहीविरोधी म्हणत आलो त्यांनाच ‘मतचाचण्यांत ट्रम्पविरुद्ध आम्ही जास्त पुढे आहोत, आमच्याकडे या’ असं सांगायचं म्हणजे आपलाच मुद्दा आपल्या हातानं खोडायचा. मुद्द्यांसाठी चालत राहणं मात्र मला योग्य वाटतं, कारण पुढे जे काही मिळालं ते त्यामुळेच.

६ जूनला, कॅलिफोर्नियाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, असोसिएटेड प्रेसनं सुपरडेलिगेट धरून क्लिंटन यांचा उमेदवारीला लागणारा आकडा पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. रांगेत उभं राहण्याआधीच निकाल कळल्याची चीड स्वाभाविक होती.

निष्पत्ती

सुमारे १ कोटी ३२ लाख मतं, क्लिंटन यांना १ कोटी ६९ लाख. निवडून आलेले प्रतिनिधी १,८४६ विरुद्ध २,२०५. २२ राज्यांत विजय. १२ जुलैला न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्समथला सँडर्स यांनी क्लिंटन यांना पाठिंबा दिला.

त्याआधी जाहीरनाम्याच्या १५ जणांच्या मसुदा समितीत त्यांना ५ जागा मिळाल्या होत्या. १५ डॉलर वेतन जाहीरनाम्यात आलं. टीपीपीला थेट विरोध आणि सर्वांसाठी मेडिकेअर फेटाळलं गेलं. क्लिंटन यांनी सव्वा लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना सरकारी महाविद्यालयात मोफत शिक्षण देण्याची भूमिका घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये पक्षानं नियम बदलला: चुरस असेल तर पहिल्या फेरीत सुपरडेलिगेटना मत नाही.

सर्वांसाठी मेडिकेअरचं एक मोजमाप बोलकं आहे. २०१३मध्ये सँडर्स यांनी तसं विधेयक मांडलं तेव्हा सिनेटमध्ये एकही सहप्रस्तावक नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये १६ होते. मात्र कायदा झालेला नाही. १५ डॉलरचं केंद्रीय वेतनही नाही. मार्च २०२१ मध्ये सँडर्स यांची दुरुस्ती सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ५८ नं पडली, आणि विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच बाजूचे आठ जण होते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पन्नास राज्यांच्या नोंदणीच्या मुदती आणि नियम यांचा तक्ता पहिल्या महिन्यात भिंतीवर हवा होता, आणि त्या मुदतींसाठी एक वेगळा, दुसरं कुठलंही काम नसलेला गट. पैसा होता, स्वयंसेवक होते. न्यूयॉर्कची प्रायमरी तेवढ्यानं जिंकली असती असं नाही, पण आपल्याच सभेला आलेला माणूस मतदानकेंद्रावरून परत गेला नसता. (न्यूयॉर्कनं २०१९मध्ये कायदा बदलून ही मुदत बरीच अलीकडे, मतदानाच्या वर्षात आणली.)

दुसरं, दक्षिण. फेब्रुवारीत टीव्हीवर जाहिराती ओतण्याऐवजी २०१५च्या उन्हाळ्यात तिथल्याच माणसांना पगारावर घेऊन बसवायला हवं होतं, जिंकण्यासाठी नव्हे, ७३-२६ चं ६०-४० करण्यासाठी. २०२०मध्ये नेव्हाडात त्यांनी नेमकं हेच केलं: लॅटिनो वस्त्यांत महिनोन् महिने आधी कार्यालयं, स्पॅनिश बोलणारे स्थानिक संघटक, आणि राज्य मोठ्या फरकानं जिंकलं. आठवड्याभरानं साउथ कॅरोलायनात मात्र पुन्हा तीच गत. तिथले वजनदार खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडेन यांना पाठिंबा दिला आणि सँडर्स २० टक्क्यांच्या खाली राहिले.

तिसरं, हिशेबाचा कागद. आरोग्यविम्याचा खर्च कसा भागवणार याचा तपशील मोहिमेनं १७ जानेवारी २०१६ ला, वादसभेच्या जेमतेम दोन तास आधी दिला. वर्षाला १.३८ लाख कोटी डॉलर खर्च, लोकांवर २.२ टक्के आणि मालकांवर ६.२ टक्के भार. मे महिन्यात अर्बन इन्स्टिट्यूट या धोरण-अभ्यास संस्थेनं दहा वर्षांत केंद्राचा खर्च ३२ लाख कोटी डॉलरनं वाढेल असा अंदाज मांडला. लोक खासगी विम्याला आज जे हप्ते भरतात ते त्यातून वजा करायचे असतात, हे समजावायला तोवर वेळ उरला नव्हता. हाच कागद २०१५च्या उन्हाळ्यात आला असता तर त्याच्यावर टीका झाली असती, दुरुस्त्याही झाल्या असत्या, आणि दारोदार फिरणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातात ‘माझा हप्ता किती वाचेल?’ या प्रश्नाचं उत्तर असतं.

सुपरडेलिगेटच्या बाबतीत मला वाटतं नियम बदलण्याची मागणी पहिल्या दिवसापासून लावून धरायला हवी होती आणि त्यांच्याकडे मतं मागायला जायलाच नको होतं. याला उलट मत असणारे आहेत. शर्यतीत असलेल्या माणसानं मिळेल ते मत मागावं, नियम त्यानं केलेले नसतात, असं ते म्हणतात. २०१८चा बदल झाला तो मात्र सँडर्स यांच्या मोहिमेतून आलेल्या लोकांनी दोन वर्षं पक्षाच्या समितीत बसून, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या मांडून घडवला.